आजोबांची पेटी उघडली : पत्र्याच्या पाट्या, कॅलेंडरं, आणि आत्याच्या दोन वेण्या

अमळनेरची_लेक

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आवरासावरीत माळ्यावरून आजोबांची लोखंडी पेटी खाली काढली. आजोबांचं अमळनेरला कापडाचं लहान दुकान होतं, ते बंद होऊनही आता खूप वर्षं झाली. पेटी उघडली आणि आख्खी दुपार तिथेच गेली.

काय निघालं ते सांगते. चहाच्या जाहिरातीची निळी-पिवळी पत्र्याची पाटी, एक कोपरा गंजलेला, पण रंग काल लावल्यासारखा. कापडाच्या ठाणांवर चिकटवायची रंगीत लेबलं, सुतळीने बांधलेला गठ्ठाच. तीन कॅलेंडरं, दोन देवांची आणि एक रेडिओजवळ बसलेल्या नऊवारीतल्या बाईचं. तोंडाला लावायच्या स्नोची, म्हणजे क्रीमची, रिकामी बाटली. आणि माझ्या आत्याचा स्टुडिओतला फोटो : मागे रंगवलेलं तळं, तळ्यात हंस, पुढे आत्या घेराच्या फ्रॉकमध्ये, दोन वेण्या वर दुमडून कानामागे रिबिनी बांधलेल्या. फोटो काढताना हलायचं नाही असं सांगितलेलं तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

भाऊ म्हणतो, मुंबईचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी सगळं एकदम घ्यायला तयार आहे. मला द्यायचं नाहीये, पण नीट ठेवता आलं नाही तर कसर खाऊन टाकेल, हेही खरं. या वस्तू कधीच्या, हे कसं ओळखायचं? आणि सांभाळायच्या कशा?

शिवाय एक प्रश्न मनातून जात नाही. आमच्या चौकात आज पंधरा फ्लेक्स लागलेत, त्यातला एकही आठवत नाही. ही पाटी मात्र एकदा पाहिली की डोळे मिटूनही दिसते. असं का होत असेल?

भुसावळ_जंक्शन

ताई, आधी हे सांगा, रिबिनीचा रंग कोणता? काळ्या-पांढऱ्या फोटोत सगळ्याच राखाडी दिसतात. आमच्याकडे रिबिनीवरून पोरगी कोणत्या शाळेची ते ओळखायचे.

रंगारी_जळगाव

तुमचा शेवटचा प्रश्न माझ्या धंद्यातला आहे म्हणून लिहितो. पस्तीस वर्षं बोर्ड आणि भिंती रंगवल्या. जळगाव ते रावेर, इकडे पारोळ्यापर्यंत.

भिंत रंगवायची म्हणजे आधी चुन्याचा हात. तो वाळला की दोरी निळीत बुडवायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची आणि मधे टिचकी मारायची. सरळ निळी रेघ उमटते. तीच शिरोरेषा. मराठी अक्षर शिरोरेषेला टांगलेलं असतं, त्यामुळे ती चुकली की सगळा शब्द लंगडतो. मग काने मारून घ्यायचे, म्हणजे शब्द किती जागा खाणार ते कळतं. गोलाई सगळ्यात शेवटी. नवा पोरगा हाताखाली आला की त्याला महिनाभर ‘ळ’ आणि ‘क्ष’ गिरवायला लावायचो. ‘जळगाव’ लिहिता आलं नाही तर आमच्याकडे उपयोग काय?

आता तुमचं ‘का’. भिंत रस्त्याला लागून असायची. एस.टी. तिच्यासमोरून जाते तेव्हा खिडकीतल्या माणसाकडे वाचायला दोन-तीन क्षण असतात. मालक पाच ओळी लिहून आणायचा, आम्ही तीन शब्दांवर आणायचो. रंगही हाताशी असतील तेच : गेरू, पिवडी, नीळ, काजळी, आणि रंग चिकटायला त्यात सरस. चारच रंग म्हटल्यावर कोणता कशाशेजारी ठेवायचा याचा विचार करावाच लागतो. अक्षराची सावली नेहमी उजवीकडे आणि खाली, म्हणजे उजेड डावीकडून वरून येतोय असं डोळ्याला वाटतं आणि अक्षर भिंतीतून पुढे येतं. फ्लेक्सवर जागा फुकट, रंग फुकट, म्हणून चाळीस चेहरे घालतात. मग नजर कुठे थांबणार?

फ्लेक्सवाल्या पोरांवर माझा राग नाही. माझं दोन दिवसांचं काम मशीन तासाभरात करतं, गिऱ्हाईक तिकडे जाणारच. पण मी रंगवलेली बियाण्याची एक जाहिरात यावल रस्त्याला अजून अर्धी दिसते. तिथून जाताना मोटरसायकल थांबवून बघतो.

शेवभाजी_प्रेमी

काका, तुमच्या ‘ळ’ ला नमस्कार. ही पोस्ट आत्ताच दोनदा वाचली.

लिथो_वेडा

पत्र्याच्या पाटीचा रंग का टिकला ते सांगतो. तो आपला नेहमीचा ऑईलपेंट नव्हेच, ती काच आहे. लोखंडी पत्र्यावर रंगीत काचेची पूड बसवतात आणि साधारण ८०० अंशाच्या भट्टीत भाजतात, की काच वितळून पत्र्याला धरते. बहुतेक वेळा प्रत्येक रंगासाठी वेगळी भाजणी. जळगावच्या मे महिन्यातलं ४५ डिग्रीचं ऊन तिला काय करणार? तिचा शत्रू एकच, दगड. पोरांनी नेम धरून टवका उडवला की आतलं लोखंड उघडं पडतं आणि गंज तिथून आत शिरतो. तुमचा कोपरा तसाच गेला असणार.

देवांची कॅलेंडरं आणि लेबलं मात्र शिळाछापाची असतील तर पाहायला भिंग घ्या. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि देवादिकांची रंगीत चित्रं सामान्य माणसाच्या घरात पोचली. ते तंत्र म्हणजे दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून शाई तेलकट जागीच धरते. जितके रंग तितके दगड, आणि कागद दरवेळी त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तर लक्ष्मीचे ओठ गालावर. भिंगातून बारीक वेडेवाकडे ठिपके दिसले तर दगड. सरळ रांगेतले, जाळीसारखे ठिपके दिसले तर नंतरची ब्लॉकची किंवा ऑफसेटची छपाई.

रेडिओवाल्या बाईच्या कॅलेंडरवर कोपऱ्यात सही आहे का पाहा. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोघांची चित्रं महाराष्ट्रातल्या घराघरांत टांगलेली असत. मुळगावकरांच्या बायकांच्या त्वचेला आतून दिवा लावल्यासारखा उजेड असतो, तो ओळखू येतो.

जिभाऊ_धुळेकर

माय वं, काय याद देवाडी दिनी ताई!

जाहिरातीचं तुम्ही लोक बोला, मी कपड्यांवर येतो. सत्तरच्या दशकात धुळ्याला आग्रा रोडवर आमचा ठरलेला शिंपी होता. बेलबॉटम शिवायची तर आधी मोहरी, म्हणजे पायाशी घेर किती, यावर अर्धा तास चर्चा. माझ्या मोठ्या भावाने २६ इंची सांगितली. शिंपी म्हणाला, ‘‘भाऊ, एवढ्या कापडात तुमच्या वडिलांचा सदरा होईल.’’ भाऊ हटला नाही. टेरिकॉटचं कापड, चुरगळायचं नाही, धुतलं की तासात वाळायचं. कॉलरची टोकं खांद्यापर्यंत. घरी सायकलवर आला तो उजवा पाय चेनमध्ये अडकवून. मग आईने साडीच्या काठाची पट्टी काढून दिली, सायकलवर असताना घोट्याला बांधायला. ती पट्टी त्याने पुढे दोन वर्षं खिशात बाळगली.

त्याआधीच्या पिढीचा कोंबडा! कपाळावर केसांचा फुगा काढायचा, देव आनंदसारखा. आमचे काका पितळी तांब्यात बघून कोंबडा बसवायचे, कारण घरातला एकुलता आरसा आजीच्या ताब्यात. न्हाव्याच्या दुकानात नटांचे फोटो लावलेले असत आणि लोक बोट ठेवून सांगत, ‘‘असा काप.’’ ती त्या काळची जाहिरातच की.

मूळची_चोपड्याची

जिभाऊ, बायकांचंही ऐका. १९६० साली नटी साधनाच्या कपाळावरच्या बटा पडद्यावर आल्या आणि ‘साधना कट’ हा शब्द गावोगाव पोचला. माझी आई तेव्हा अकरावीत. मैत्रिणीने शिवणकामाच्या कात्रीने तिच्या कपाळावरचे केस कापले. घरी आल्यावर आजी एक शब्दही बोलली नाही. वाटीभर खोबरेल घेतलं आणि बटा मागे चापून बसवल्या, वर केसांचे चार आकडे. रोज सकाळी हाच कार्यक्रम. आई शाळेच्या वळणावर आकडे काढायची, संध्याकाळी परत लावायची. केस वाढेपर्यंत हे चाललं. आजी गेल्यावर तिच्या फडताळात गंगावनासोबत ते आकडे सापडले, कागदात गुंडाळलेले. तिला सगळं ठाऊक होतं.

त्या काळच्या केशरचनेला घरातल्या दुसऱ्या बाईचे हात लागायचे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पाचपेडी वेणी स्वतःची स्वतःला घालता येत नाही. दुपारी ओटीवर एकीच्या मागे एक बसून वेण्या घालायच्या, आणि गावातल्या निम्म्या गोष्टी तिथेच कळायच्या.

शेवभाजी_प्रेमी

अमळनेर म्हटल्यावर वनस्पती तुपाचे डबे नाहीत का पेटीत? आज जगभर माहीत असलेली विप्रो २९ डिसेंबर १९४५ ला तुमच्याच गावात वनस्पती तूप काढायला सुरू झाली. सनफ्लॉवर वनस्पती आणि ७८७ नावाचा कपड्यांचा साबण. डब्यावर सूर्यफूल. आमच्या मावशीकडे असल्या डब्यांत तुळस होती, एकात धान्य, एक न्हाणीघरात. जाहिरात घरात येऊन संसाराला लागायची.

तापीकाठ

सगळे इतक्या प्रेमाने लिहिताय, मीही वाचतेय. पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या पेटीत स्नोची बाटली आहे. अफगाण स्नो १९१९ पासूनचा, आपल्याकडे लग्नाच्या पेटीत हमखास असायचा. लक्सच्या जाहिरातीत १९४१ मध्ये लीला चिटणीस आल्या, त्या साबणासाठी झळकलेल्या पहिल्या भारतीय नटी. चित्रं सुंदर होती, कबूल. पण त्या जाहिरातींतली बाई कधी सावळी पाहिलीत?

माझी मावशी सावळी होती. तिला बघायला पाहुणे यायचे त्या दिवशी घरातल्या बायका तिच्या तोंडाला स्नो आणि पावडर थापायच्या, मान मात्र तशीच राहायची. पाहुणे गेले की ती विहिरीवर जाऊन तोंड धुवायची. ती कोणाशी काही बोलली नाही, पण आयुष्यभर तिने आरशाशेजारी पावडरचा डबा ठेवू दिला नाही. तेव्हा जुन्यातलं सगळं गोड म्हणून मांडू नका. अक्षरांची कारागिरी जपा, त्या चित्रांनी काय सांगितलं तेही लक्षात ठेवा.

मूळची_चोपड्याची

तापीकाठ ताई, पटलं. माझ्या आईच्या बटांच्या गोष्टीत हा भाग मी कधी पाहिला नव्हता. आई गोरी होती, तिला हौस करता आली.

अक्राणीचा_पोर

तापीकाठ ताईंच्या मागून मीही लिहितो. आम्ही धडगावकडचे पावरा आदिवासी. आमच्या माणसांचं चित्र कोणत्या कॅलेंडरवर होतं? पण नटणं आमच्याकडे कमी नव्हतं आणि नाही. अक्कलकुव्याजवळ काठीच्या राजवाडी होळीला या. डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, अंगावर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू. एक टोप बांधायला किती दिवस लागतात ते बघा. बायकांच्या गळ्यात चांदी, ती आजीकडून नातीकडे येते. ही फॅशन जाहिरातीवाचून टिकली, कारण होळी दरवर्षी येते आणि टोप दरवर्षी नव्याने बांधावा लागतो.

आता आमची पोरं बाजारात जीन्स घालून जातात, होळीला टोप घालतात. दोन्हीत त्यांना काही अवघड वाटत नाही.

चाळीसगाव_स्टेशन

आत्याच्या फोटोमागच्या तळ्याबद्दल कोणीच बोललं नाही! तो स्टुडिओचा पडदा. कापडावर रंगवलेला बंगला, जिना, तळं, कधी विमानसुद्धा. ज्या माणसाने मुंबई पाहिली नाही तो जळगावात बसून ताजमहालासमोर उभा राहायचा. फोटोवाला निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग काढायचा, आणि पैसे दिले तर काळ्या-पांढऱ्या फोटोवर हाताने रंग भरायचा : गालावर गुलाबी, दागिन्यांवर पिवळा.

आणि खानदेशात फोटोचा विषय निघाला की आमच्या केकी मूस यांचं नाव घ्यायलाच हवं. १९१२ चा जन्म, १९८९ ला गेले. स्टेशनजवळच्या घरात वर्षानुवर्षं स्वतःला कोंडून घेतल्यासारखे राहिले. पण त्या घरातल्या टेबलावर साध्या वस्तू मांडून, उजेड-सावली जमवून त्यांनी डोंगर, बर्फ, वादळं उभी केली. ती टेबलटॉप छायाचित्रं आजही त्यांच्या घरातल्या संग्रहालयात पाहायला मिळतात. स्टुडिओवाला पडद्यावर तळं रंगवतो आणि मूस टेबलावर हिमालय उभा करतात, मला यात एकच हौस दिसते.

भुसावळ_जंक्शन

फैजपूर विसरू नका. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन तिथे भरलं, आणि सजावट कोणी केली? चित्रकार नंदलाल बोस यांनी. गांधीजींचा आग्रह होता की गावात मिळेल तेच वापरायचं, म्हणून बांबू वगैरे इथलंच सामान. आमचे आजोबा स्वयंसेवक होते, ते म्हणायचे, कमान पाहायला लोक पायी यायचे. रंगारीकाका, चार रंगांत काम करण्याचा तुमचा मुद्दा तिथे आधीच सिद्ध झाला होता.

आणि रिबिनीचा रंग अजून कळला नाही.

एरंडोलकर_मास्तर

मूळ प्रश्नाकडे वळतो. काळ ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, मजकूर वाचा.

पहिला पत्ता. ‘जि. पूर्व खानदेश’ किंवा ‘पू. खा.’ असं असेल तर वस्तू १९०६ नंतरची, कारण त्या साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. महाराष्ट्र झाल्यावर ही नावं जाऊन जळगाव आणि धुळे आलं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. ‘जि. नंदुरबार’ दिसलं तर १९९८ नंतरची, म्हणजे तुमच्या आजोबांच्या पेटीत ती नसावी.

मग किंमत. आणे-पै असतील तर १९५७ च्या आधीची, किंवा जुन्या सवयीने छापलेली. ‘न.पै.’ म्हणजे नवे पैसे असतील तर १९५७ ते १९६४ यांच्या मधली. शेर, तोळे आहेत की किलो, ग्रॅम, तेही पाहा.

शेवटी शुद्धलेखन, माझा लाडका पुरावा. ‘सर्व दुकानांत मिळेल’ मधला अनुस्वार आजही बरोबर आहे, त्यावर जाऊ नका. पण ‘नांव’, ‘कांही’, ‘येथें’, ‘कापड घेतांना’ असे अनुस्वार दिसले तर बहुधा १९६२ च्या आधीचं लेखन. त्या साली नवे नियम आले आणि हे अनुस्वार गेले. छापणारे जुन्या वळणाचे असले तर पुढेही काही वर्षं चालू राहिले, म्हणून एका पुराव्यावर थांबू नका, दोन-तीन जुळवा.

लिथो_वेडा

मास्तर, हे कुठेतरी टिपून ठेवतो. अनुस्वाराचं मला सुचलंच नसतं.

कागद_कापड

सांभाळण्याबद्दल. माझं काम जुन्या कागदांचंच आहे.

कॅलेंडरं आणि लेबलं लॅमिनेट करू नका, कितीही कोणी सांगितलं तरी. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा काढता येत नाही. फाटलेल्या जागी चिकटपट्टी नको, तिचा गोंद पिवळा पडतो आणि डाग कायमचा राहतो. गुंडाळी सोडवून आडवी ठेवा, मधे आम्लविरहित कागद घाला, वर्तमानपत्र नको. भिंतीवर लावायचं असेल तर मूळ न लावता चांगली प्रत काढून ती लावा, मूळ अंधारात राहू दे. पावसाळ्यानंतर एकदा बाहेर काढून वारा द्या, कसर ओलीत वाढते.

पत्र्याची पाटी मऊ ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडी करा. घासणी आणि राख लावू नका, काचेवर ओरखडे पडतात. गंजलेल्या जागी थोडं मेण.

कापड निघालं असेल तर जुन्या मलमलमध्ये गुंडाळा, घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदला, नाहीतर घडीवरच फाटतं. जरीच्या साडीला डांबरगोळी टेकू देऊ नका, जर काळी पडते.

रंगारी_जळगाव

ताई, विकायचं ठरलंच तर लेबलांचे फोटो आधी काढून इथे द्या. कोणत्या हाताने काय वळण काढलंय ते पोरांना दाखवता येईल. माझा नातू संगणकावर अक्षरं करतो. त्याला मी अजून ‘ळ’ गिरवायला लावतो.

अमळनेरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भाऊ आणि मी भिंग घेऊन बसलो.

लेबलांवर ‘जि. पू. खानदेश’ आहे. एकावर ‘कापड घेतांना छाप पाहून घ्यावें’ असं लिहिलंय, मास्तरांचा अनुस्वार! रेडिओवालीच्या कॅलेंडरवर ठिपके जाळीसारखे, सही नाही. पण एका लक्ष्मीवर वेडेवाकडे ठिपके आहेत. भावाने ते स्वतः पाहिलं आणि व्यापाऱ्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. पाटी पुसून पुढच्या खोलीत लावतोय. बाकीचं आम्लविरहित कागद आला की ठेवू. रंगारीकाका, लेबलांचे फोटो रविवारी टाकते, नातवाला दाखवा.

तापीकाठ ताई, स्नोची बाटली मी वेगळी ठेवली आहे, तुमच्या मावशीची गोष्ट लिहून तिच्यासोबत ठेवू का? तुमची परवानगी असेल तरच.

आणि भुसावळ_जंक्शन, आज आत्याला फोटो घेऊन भेटले. ती आता ऐंशीच्या घरात आहे. फोटो हातात घेतल्यावर तिने आधी रिबिनीवर बोट ठेवलं. ‘‘जांभळ्या होत्या. शाळेच्या पांढऱ्या असायच्या, पण फोटोसाठी बाबांनी दुकानातून जांभळ्या काढून दिल्या. हंस पाहून मी हसले, तर फोटोवाल्याने दुसऱ्यांदा उभं केलं. हा दुसरा फोटो. पहिला कुठंय?’’

पेटी आज पुन्हा तळापर्यंत काढतेय.